माझ्या सहीचा कायदा

आयच्या डोक्यावरची मोळी त्यांनी उतरवू दिली नाही.

ग्रामपंचायतीच्या अंगणात ती उभी होती. चैत्रातलं ऊन. सकाळी टेकडीवरून उतरताना वनसमितीच्या राखणदारानं तिला धरलं आणि तशीच, मोळीसकट, गावातून चालवत आणलं. निरोप मिळून मी पोचले तेव्हा दुपार होत आली होती. हापशावर बाया हंडे भरत होत्या. कट्ट्यावर चारपाच पुरुष. आयची मान थरथरत होती. चुंबळ सरकून कपाळावर आली होती. दोन्ही हात मोळीला, त्यामुळं ती मागं सारायचीही सोय नव्हती.

मी धावत गेले. मोळीला हात घातला.

"हात लावू नको," समितीचे अध्यक्ष म्हणाले. गाव त्यांना दादा म्हणायचं. भाताची मोठी शेती, बांधावर साग, दारात ट्रॅक्टर. "आधी हे वाच. शिकलेली हायेस ना?"

त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढं धरलं. त्यात ठराव होता. टेकडीवर सरपण बंद. जो सापडेल त्याचं हत्यार जप्त करायचं आणि त्याला गावासमोर उभं करायचं. खाली सह्या.

"ही सही कोनाची?"

माझी होती.

"बघ सगुणे," दादा आयला म्हणाले, "तुझ्या लेकीनंच कायदा केलाय. आमी काय करनार?"

कट्ट्यावरचे हसले. हापशावरची एक बाईही हसली. आयला मान वळवता येत नव्हती. तिनं फक्त डोळे वळवले आणि माझ्याकडं बघितलं.

मोळी ठेवून घेतली. कोयता ठेवून घेतला. आम्ही दोघी गावातून परत निघालो. आय पुढं, मी मागं. बौद्धवाडा गावाच्या शेवटाला, टेकडीला लागून. घरी येऊन आय तांब्याभर पाणी प्याली. मग म्हणाली, "तू वाचलं नव्हतंस?"

"नाय."

"मला वाचता येत नाय. तुला येतं ना गो?"

त्या दिवशी ती जेवली नाही.

मला मुरबाडला बारावीपर्यंत शिकवलं ते ह्याच टेकडीनं. पहाटे डोक्यावर मोळी घेऊन आय बाजाराची वाट धरायची, आणि मी दप्तर घेऊन तिच्या मागं. वाड्यातली पहिली बारावी झालेली मुलगी मी. आणि मी न वाचता सही केली होती. एकदा नाही. दोन वर्षं.

ते कसं झालं ते सांगते. सिद्धगडाच्या पायथ्याचं आमचं गाव. नव्वदचं दशक संपत आलेलं. वनखात्याची योजना आली, गावागावात वनसमित्या झाल्या. जंगल गावानं राखायचं, झाडं गावानं लावायची. समितीत बाया पाहिजेत. आमच्या समाजातलं कुणीतरी पाहिजे. दादांनी दोन्ही गरजा एकाच माणसात भागवल्या. वनपालांना घेऊन ते आमच्या दारात आले. आयनं शेजारून दोन खुर्च्या आणल्या. दादा बसले नाहीत, उभ्याउभ्याच बोलले.

"मीटिंग देवळात असते. तुमी आता देव मानत नाय. तुमाला कशाला अडचन? रजिस्टर घरी धाडू."

मला वाटलं, किती समजूतदार माणूस. माझ्या आज्यानं दीक्षा घेतली तेव्हा ह्याच गावानं त्याचं पाणी तोडलं होतं. आता तेच गाव आमच्या धर्माचा मान राखतंय. मी वाड्यात सगळ्यांना सांगत फिरले. बावळट.

मग दर महिन्याला राखणदार बारकू रजिस्टर घेऊन यायचा. उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, बोट ठेवायचा. "हितं कर." मी करायची. तो पाणी विचारलं तर नको म्हणायचा. तहान नाय म्हणायचा. उन्हाळ्यातसुद्धा.

आयला उभं केलं त्यानंतर महिन्यानं तो पुन्हा आला. बोट ठेवलं.

"बस," मी म्हणाले. "मी वाचते."

"अगो सही कर फक्त. मला पुढं जायचंय."

"मग जा. रजिस्टर राहू दे."

तो घाबरला. पण उंबरा ओलांडून आत येऊन माझ्या हातातून ओढून घ्यायची त्याची हिंमत नव्हती. शिवलो तर, ह्याचीही भीती असेल. तो गेला. मी समाजमंदिराच्या पायरीवर बसले. बाया जमल्या. पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागले.

माझाच आवाज मला सहन होईना.

सरपण बंद, हे तर कळलंच होतं. पण त्याच पानावर पुढं होतं, ज्यांच्या नावावर भातशेती आहे त्यांना राबासाठी टहाळ तोडायची मुभा राहील. राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या आधी शेतात झाडपाला जाळतात तो. हिरव्या फांद्या, गाड्याच्या गाड्या. आमच्या वाड्यात एकाच्याही नावावर भातशेती नाही. म्हणजे बंदी कुणाला? त्यांना हिरवं झाड तोडायची मुभा, आणि आम्हाला वाळली काटकी उचलायला बंदी. खाली माझी सही. वळणदार. शाळेत ह्याच अक्षरासाठी गुरुजी माझं कौतुक करायचे.

आणि शेवटच्या पानावर, जिथं बारकूनं बोट ठेवलं होतं तिथं नवा ठराव होता. टेकडीच्या पायथ्याची पडीक जागा लागवडीखाली घ्यावी आणि तिला काटेरी कुंपण घालावं.

म्हातारी ठमाआजी म्हणाली, "कंची पडीक जागा?"

मी पुन्हा वाचलं. ओढ्यापासून मोठ्या खडकापर्यंत.

ती आमची मसणवटी होती. माझा आजा तिथं जळला. माझा बाप तिथं जळला. गावाच्या स्मशानात आम्हाला कधी जागा नव्हती, म्हणून ओढ्याकाठचा तो तुकडा. कागदावर तो पडीक. आणि माझी सही झाली असती, तर तो गेला असता. दादा पुन्हा म्हणाले असते, तुमच्याच लेकीनं दिला.

मी बारकूकडं निरोप धाडला. रजिस्टर माझ्यापाशी आहे. मीटिंग शाळेच्या ओट्यावर घ्या, उद्या सकाळी. तिथं मी येते.

ते आले. वनपालांना ठरावाची नक्कल वर पाठवायची होती, म्हणून यावंच लागलं. आम्ही वाड्यातल्या सगळ्या बाया गेलो. पोरांना काखोटीला मारून. मी ओट्यावर चढले. खुर्च्या होत्या. एक ओढली आणि बसले.

"रजिस्टर दे," दादा म्हणाले.

"वाचून झालं की देते."

वाचलं. राबाचं वाचलं, सरपणाचं वाचलं, पडीक जागेचं वाचलं. मग विचारलं, "ह्यो कायदा जंगल वाचवायला हाय, का आमच्या चुली विझवायला?"

दादांचा चेहरा लाल झाला. "तुमच्या चुलींनीच टेकडी बोडकी केली. तुमच्या लोकांना झाडाची किंमत काय?"

तेवढ्यात मागून आय उठली. महिनाभर घराबाहेर न पडलेली माझी आय.

"दादा, आमी डोक्यावर मावंल तेवढंच आनतो. तुमच्या सागाच्या बांधाकडनं ट्रक जातात. ट्रक काय आमच्या डोक्यावर मावत नाय."

या वेळी कुणी हसलं नाही. ते ट्रक सगळ्यांनी बघितले होते. वनपालांनीही. ते पेनाचं टोपण काढत होते आणि घालत होते.

मी ठरावाखाली लिहिलं. मला आजवर एकही ठराव वाचून दाखवलेला नाही. या ठरावाला माझा विरोध आहे. आधीच्या सह्याही माझ्या संमतीच्या समजू नयेत. खाली नाव.

"असं रजिस्टरमध्ये लिहायचं नसतं," वनपाल म्हणाले.

"का?"

"वरचे विचारतील."

"विचारू दे. तेवढ्यासाठीच लिवलं."

गावानं त्याचा सूड घेतला. त्या पावसाळ्यात आमच्या एकाही बाईला लावणीला बोलावलं नाही. गिरणीवाल्यानं आमचं दळण परत पाठवलं. आम्ही तानसाकडच्या पाहुण्यांकडं जाऊन राहिलो, परक्या शेतात लावणी केली. वाड्यातल्या दोन पुरुषांनी मला तोंडावर सांगितलं, तुझ्यामुळं हे झालं. मी ऐकून घेतलं. त्यांच्या घरी चूल पेटली नव्हती, ते चिडणारच.

वरून चौकशी आली. मसणवटी लागवडीतून वगळली. वाळल्या सरपणाची बंदी उठली. मीटिंग शाळेत व्हायला लागली. पण आयची कुणी माफी मागितली नाही. तिची मान त्या दिवसापासून एका बाजूला दुखायची ती कायमची, आणि ती पुन्हा त्या टेकडीवर चढली नाही.

मला झाडं नकोत असं कुणी समजू नये. त्या टेकडीवरचे खड्डे आम्हीच खणले, रोपांना ओढ्याचं पाणी आम्हीच वाहिलं. टेकडी हिरवी व्हावी असं आमच्याइतकं कुणाला वाटणार? तिची सावली पहिल्यांदा आमच्या छपरांवर पडते. दरड आली तर पहिली आमच्यावर येईल.

दोन पावसाळ्यांनी खात्याची गाडी आली. रोपं भरलेली. सगळी ऑस्ट्रेलियन बाभूळ. जिचा पाला शेळी खात नाही, जिला खायचं फळ नाही. आम्ही समितीत लिहून दिलं होतं की मोह द्या, आवळा द्या, करंज द्या. कुणी वाचलंही नव्हतं.

आम्ही बाया वाटेवर बसलो. गाडी थांबली. नवा साहेब खाली उतरला, तरुण, बुटांना चिखल लागू नये म्हणून दगडांवरून उड्या मारत आला.

"गाडी कुणाला विचारून अडवली?"

"आमाला विचारून," मी म्हणाले. "आनी हितनं फुडं ह्या टेकडीवर काय लावायचं ते तुमीबी आमालाच विचारायचं."

तो घड्याळ बघत उभा राहिला. पाऊस लागला. आम्ही उठलो नाही. रोपं भरलेली गाडी मागं वळली, आणि ती वळेपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो.