युजीनची हाताने फिरवायची लेन्स

बाळकुमच्या युजीनला ऑटोफोकसचा मनस्वी राग. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा आणि सुट्टीला गळ्यात कॅमेरा अडकवून खाडीकाठी हिंडायचा. कल्याणच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून त्याने फिल्मच्या जमान्यातली एक जडशी लेन्स आणली, ॲडॉप्टर लावून डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली, आणि तेव्हापासून त्याचं बोलणंच बदललं.

"ज्याला हाताने फोकस जमत नाही त्याने मोबाईल वापरावा," असं तो मोबाईलवाल्यांच्या तोंडावर सांगायचा. बायको जोविटा म्हणायची, "मग माझा एक काढ की." तो काढायचा. रिंग फिरवून होईपर्यंत तिचं हसू संपलेलं असायचं.

बहीण लुर्दसच्या मुलीचं, रोवेनाचं लग्न ठरलं, तेव्हा त्याने बाहेरचा फोटोग्राफर लावूच दिला नाही. "भाड्याचा माणूस बटण दाबून निघून जाईल. घरचं लग्न आहे, मी काढतो." लुर्दसला भावाचं मन मोडवेना.

चर्चमध्ये नवरा मुलगा रॉड्नी रोवेनाच्या बोटात अंगठी घालत होता आणि युजीन लेन्सची रिंग फिरवत होता. रॉड्नीचं आधी आटपलं.

"थांब, थांब! काढ आणि परत घाल!"

रॉड्नीने घातली. युजीनने पुन्हा काढायला लावली, तेव्हा फादर चष्म्यावरून बघत म्हणाले, "युजीन, देवाला एकदाच पुरतं."

हॉलमध्ये फ्लॅश आला. तोही मॅन्युअल, तोही पूर्ण ताकदीवर. एकदा उडाला की परत चार्ज व्हायला वेळ घ्यायचा, तोवर पाहुण्यांनी दात काढून उभं राहायचं. कोणी हललं तरी फोटो हलू नये म्हणून त्याने शटरचा वेग भलताच वाढवून ठेवला होता. रोवेनाची मैत्रीण ऐश्वर्या म्हणाली, "अंकल, एकदा स्क्रीनवर बघा ना, कसे येतायत ते."

"फिल्मच्या वेळी दिसायचं का लगेच? बघून काढणं म्हणजे कॉपी करून पास होणं."

पुढच्या रविवारी लुर्दसच्या घरी टीव्हीवर फोटो लावले. शटरचा वेग फ्लॅशला झेपला नव्हता; उजेड पडेपर्यंत शटर अर्धं मिटलेलं असायचं. हॉलमधल्या प्रत्येक फोटोत अर्धी चौकट काळीकुट्ट, आणि रॉड्नी नेमका त्या काळ्यात. उजळलेल्या अर्ध्यात रोवेना धुक्यात आणि मागे जेवत बसलेला फ्रँकलिन लख्ख. मिशीला लागलेला रस्सासुद्धा दिसत होता. हा फ्रँकलिन लुर्दसच्या शेजारचा. कुंपणाच्या भांडणावरून तिच्याशी त्याचं बोलणं बरीच वर्षं बंद होतं, तरी जेवायला आला होता.

"लग्न फ्रँकलिनचं होतं काय रे?" लुर्दसने विचारलं.

"लेन्सचं कॅरेक्टर बघ, बाय!"

"मामा, मला कॅरेक्टर नको," रोवेना म्हणाली, "मला माझा नवरा दाखव."

अल्बम शेवटी ऐश्वर्याच्या मोबाईलमधून निघाला. त्यातही बऱ्याच फोटोंत पुढ्यात युजीनची पाठ होती.

युजीनला मात्र काहीच टोचलं नाही. त्याने फ्रँकलिनचा फोटो ठाण्यातल्या एका स्पर्धेत पाठवला, नाव दिलं 'भूक'. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, फोटो प्रदर्शनात लागला. बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेल्या फ्रँकलिनला नातेवाइकांचे फोन सुरू झाले, "घरी जेवायला देत नाहीत का?" तो तणतणत लुर्दसच्या दारात आला. दोघांनी मिळून युजीनला तासभर शिव्या घातल्या. मग लुर्दसने त्याला चहा दिला. बऱ्याच वर्षांनी.

युजीन आता रविवारी लोकांना मॅन्युअल फोटोग्राफी शिकवतो. वर्गाला गर्दी असते.