मामांच्या फेऱ्या

माझ्या बायकोच्या मामांइतका वेळेचा पक्का माणूस उभ्या नव्या मुंबईत दुसरा नव्हता. हे मी नाही, ते स्वतःच सांगत, आणि तेही कुणी विचारायच्या आत. सगळी नोकरी त्यांनी कराडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली होती. लग्न केलं नाही. "गाड्या सोडता सोडता मुहूर्त निघून गेला," असं म्हणून मोठ्याने हसत. निवृत्तीनंतर काही वर्षं एकटे राहिले आणि छातीत एकदा कळ येऊन गेल्यावर बायको त्यांना आमच्या वाशीच्या वन-रूम-किचनमध्ये घेऊन आली. खाडीपुलावरून रेल्वे सुरू होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. सोसायटीच्या मागे खाडीच्या अंगाला एक तळं होतं, तळ्याभोवती बाग आणि बागेतून फिरणारी एक सपाट गोल वाट. एका बाजूला तिवरं, त्यांवर बगळे, दुसऱ्या बाजूला नुकते लावलेले गुलमोहर. माणसं तिथे मजेत रेंगाळायला येत. मामांनी आठवड्याभरात तिचा स्टँड करून टाकला. संध्याकाळी बरोबर साडेपाचला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते गेटापाशी उभे राहत आणि पूर्वी माईकवर लावत तो आवाज लावून म्हणत, "साडेपाचची सुटतेय! बसून घ्या!" बसायचं कुठे हे कुणालाच कळत नसे, पण चार-पाच पेन्शनर निमूटपणे त्यांच्यामागे चालू लागत. एक तमिळ आजी मधेच बुटाची लेस बांधायला वाकल्या तर मामा त्यांच्या डोक्यावर उभे राहून म्हणाले, "थांबा नसताना थांबू नये, मागच्या गाड्या अडतात." आजींना मराठी येत नव्हतं. त्यांनी नमस्कार केला. एकदा बाकावरच्या एका जोडप्याला "ही जागा ज्येष्ठांसाठी राखीव आहे" म्हणून उठवलं, आणि घरी येऊन जेवेचनात. "पोरगी घाबरली हो," एवढंच सारखं म्हणत होते. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची चिक्की घेऊन त्यांना शोधत फिरले. ती दोघं काही पुन्हा आली नाहीत. चिक्की आम्हीच खाल्ली.

डॉक्टरांनी तीन फेऱ्या सांगितल्या होत्या. दुसऱ्या वर्षी मामा पाच मारू लागले, मग सात, मग आठ. साडेसहाला परतणारा माणूस पावणेआठला दमून दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "आज ट्रॅफिक होतं." आम्हाला मोठं कौतुक! तुर्भ्याला माझ्या ऑफिसात मी चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवत असे, "आमचे मामा या वयात आठ फेऱ्या मारतात, नाहीतर आपण!" चहात साखरेऐवजी मीठ घालणं, बेबीला, म्हणजे माझ्या बायकोला, तिच्या आईच्या नावाने हाक मारणं, या गोष्टी होत होत्या. त्यांना आम्ही हसत होतो.

एका रविवारी भाजी घेऊन येताना बागेच्या माळ्याने मला थांबवलं. जवळच्या तळवली गावचा वयस्क माणूस, कधी जास्त बोलायचा नाही.

"साहेब, मामांना आता एकल्याला नका सोरू."

"का हो? कुणाशी भांडले का?"

"नाय हो, भांडतान कशाला! त्यांना घरची वाट गावत नाय. गेटाजवल येतान, उभं रातान, आनि परत चालाया लागतान. मंग मीच बोलतो, मामा, लास्ट गाडी लागली, चला. हात धरून तुमच्या बिल्डिंगपरयंत सोरतो." मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "घरी सांगू नको बोलले. पन माझी बी बदली हाय पुढच्या हप्त्यात."

मी त्या संध्याकाळी बागेत जाऊन लांबच्या बाकावर बसलो. वाटेवर मामांची चाल सरळ, ऐटदार होती. गेट आलं की मात्र ते थबकत. बाहेरचा रस्ता, रिक्षा, सारख्याच रंगाच्या सारख्याच बिल्डिंगा यांच्याकडे बघत राहत. दोन पावलं पुढे टाकत, आणि मागे वळून पुन्हा वाट धरत. मी तीन वेळा हे पाहिलं. ज्या फेऱ्या मी मिरवल्या होत्या, त्या या होत्या.

मी पुढे होऊन म्हटलं, "मामा, चला घरी."

"जावईबापू! आज तुम्ही?" त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बेबीला कळलं का?"

"नाही."

"नका सांगू. चालणं बंद कराल माझं. घरात बसवू नका हो."

बेबीला सांगावं लागलंच. ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ रडली. पण चालणं आम्ही बंद केलं नाही. साहेबांच्या हातापाया पडून मी सकाळची पाळी मागून घेतली आणि रोज साडेपाचला मामांबरोबर निघू लागलो. असं दीड वर्ष चाललं. गाडी सुटल्याची घोषणा आधी बंद झाली, मग माणसांची नावं गेली. पुढच्या थंडीत मामा गेले, झोपेतच, कुणाला त्रास न देता.

त्याआधीच्या एका संध्याकाळी दुसऱ्या फेरीत ते दमले म्हणून आम्ही बसलो होतो. भरतीचं पाणी तळ्यात शिरत होतं. मामांनी माझ्याकडे अदबीने पाहिलं आणि विचारलं, "आपण कुठे राहता?"

"इथेच," मी म्हटलं, "मागच्या बिल्डिंगमध्ये."

"अरे वा! आमची भाची तिथेच असते. जावई तुर्भ्याला कामाला आहेत. घर लहान आहे, पण मी आलो तसा त्यांनी स्वतःचा पलंग मला दिला. स्वतः खाली झोपतात. पाठ दुखते त्यांची, मला कळतं. बोलत नाहीत ते." मग ते माझ्याकडे वळले. "तुमची भेट होते का त्यांच्याशी?"

"होते कधीतरी."

"मग त्यांना माझा एक निरोप सांगाल?"

"काय सांगू?"

मामांनी कपाळाला आठ्या घातल्या, ओठ हलवले, पुष्कळ आठवून पाहिलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ओशाळं हसले.

"विसरलो बघा. पण काहीतरी चांगलंच होतं."

"सांगतो," मी म्हटलं. मग त्यांचा हात धरून उठवलं आणि आम्ही राहिलेली फेरी पुरी करायला निघालो.