व्ही. पी.ने पाठवा!

हसणार नाही असं कबूल करत असाल तरच सांगते. जाऊ दे, तुम्ही हसणारच! आमचे हे तर अजूनही जेवता जेवता आठवलं की ठसका लागेपर्यंत हसतात.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. आमच्या पनवेलच्या घराच्या ओटीवर मी काचमण्यांच्या तोरणांचं दुकान मांडलं होतं. दुकान म्हणजे काय, तर एक सतरंजी, मण्यांचे डबे आणि मी! जवळच्या ओवे गावची पारूबाई मुलीच्या लग्नाला तोरण न्यायला आली. म्हणाली, "बाय, पैसं नाय माज्याकडं. तांदूल हाय. चालल ना?" चालेल म्हटलं. दुसरी आली ती सुकट घेऊन! आमचं घर माळकरी. सुकट शेजारी दिली, त्यांनी नारळ दिले, मी नारळाच्या वड्या केल्या. आमच्या ह्यांनी चार खाल्ल्या आणि मग तोंड उघडलं.

"अगं, हे दुकान आहे की खाणावळ? त्यापेक्षा ओटी विडीवाल्याला भाड्यानं देतो."

"माझ्या ओटीला हात लावायचा नाही!"

"मग दसऱ्यापर्यंत बाहेरगावचं एक गिऱ्हाईक दाखव. रोख पैसे देणारं. आणि मला काही विचारायला यायचं नाही."

"विचारतेय कोण? सातवी पास आहे मी!"

ती सातवीच मला नडली बघा.

दसरा आठ दिवसांवर आला आणि पुण्याहून कार्ड आलं. कुणा वत्सलाबाईंनी पनवेलच्या एका लग्नात माझं तोरण पाहिलं होतं. लिहिलं होतं, 'एक डझन तोरणे व्ही. पी. ने पाठवावीत. पैसे भरून सोडवून घेऊ.'

मी ओटीवर अक्षरशः नाचले. आता व्ही. पी. म्हणजे कोण, हे पनवेलात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे आमचे व्ही. पी. सर! विष्णू पांडुरंग. बिनलग्नाचे, भिडस्त, दर शनिवारी बहिणीकडे पुण्याला जाणारे. बाईंची त्यांची ओळख असणार, दुसरं काय? 'नी' लिहायचं तिथे 'ने' लिहिलं होतं. म्हटलं, पुण्याच्या असून शुद्धलेखन कच्चं!

आणि 'सोडवून घेऊ' म्हणजे? तेही माझ्या तल्लख डोक्यात लगेच शिरलं. पुण्याला जकात नाका असतो. तिथे सर अडकले, तर बाई पैसे भरून त्यांना सोडवतील. किती सरळ!

सरांकडे खोका घेऊन गेले.

"वहिनी, माझी ह्या बाईंशी ओळख नाही हो."

"त्यांची आहे ना! नाव लिहून कळवलंय. आणि नाक्यावर धरलं तर घाबरायचं नाही. त्या सोडवणार आहेत तुम्हाला."

बिचाऱ्यांना नाही म्हणता येत नसे. शनिवारच्या एस. टी.त ते मांडीवर खोका घेऊन बसले.

सोमवारी संध्याकाळी ओटीवर आले, ते घाम पुसतच.

"वहिनी, नाक्यावर उतरवलं मला! माल कसला, म्हणे. मी म्हटलं, तोरणं. व्यापारी का? म्हटलं, नाही हो, इंग्रजीचा शिक्षक! तर म्हणतो, बारा तोरणं? मास्तर, घराला दारं किती तुमच्या?"

"मग? बाई आल्या सोडवायला?"

"कुठल्या बाई! जकात मी भरली. पत्ता शोधत त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, मी व्ही. पी., तुम्ही मला सोडवणार होतात ना? सगळं घर हसायला लागलं! त्यांची मुलगी तर तोंडाला पदर लावून आत पळाली."

एवढं म्हणून सरांनी पैसे सतरंजीवर ठेवले. पूर्ण किंमत! जकातही बाईंनी सरांना परत केली होती.

आमचे हे दारात उभे राहून सगळं ऐकत होते. कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं बाई, व्ही. पी. पोस्टाची असते! पार्सल पोस्टात द्यायचं. गिऱ्हाईक पोस्टमनकडे पैसे भरून ते सोडवून घेतं. मग पैसे पोस्टातून आपल्याकडे!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण गिऱ्हाईक बाहेरगावचं होतं आणि पैसे रोख होते. ओटी वाचली! म्हटलं, हसा लेको.

दिवाळीनंतर पुन्हा वत्सलाबाईंचं कार्ड. 'आणखी सहा तोरणे हवीत. याही खेपेस व्ही. पी. बरोबरच रविवारी पाठवा. आम्ही सारे वाट पाहतो.'

'बरोबर'? मी मनात म्हटलं, बाई पुन्हा चुकल्या! पण आता मी थोडीच फसणार? तडक पोस्टात गेले आणि पोस्टमास्तरांना ऐटीत म्हणाले, "व्ही. पी. करायचीय." ह्यांना तर मुद्दाम पावती दाखवली.

चार दिवसांनी तिसरं कार्ड आलं.

'आपली व्ही. पी. मिळाली. सोडवून घेतली. परंतु आम्हांस हवे होते ते व्ही. पी. सर. आमच्या सुशीलेला ते पसंत आहेत. सहज आल्यासारखे यावेत आणि दोघांचे बोलणे व्हावे, एवढ्यासाठी तोरणांचे निमित्त केले होते. रविवारभर वाट पाहिली. सोमवारी दार वाजले तशी सुशीला जरीचे लुगडे नेसून, पोह्यांची बशी घेऊन पुढे झाली. दारात पोस्टमन. वय वर्षे पंचावन्न. पोहे त्यांना आवडले.'

आता काय करावं? कार्ड घेऊन धावत हायस्कुलात गेले. सरांनी वाचलं आणि कानापर्यंत लाल झाले. "वहिनी," म्हणाले, "पुढची तोरणं कधी न्यायची?"

"तोरणं कसली नेताय? तुम्ही जा!"

माघात लग्न झालं. मंडपाला तोरणं माझीच, आणि तीही फुकट. चुकीची भरपाई! सुशीला पनवेलला आली ती माझ्याच हाताखाली मणी ओवायला बसली, म्हणून मला वाटलं, चला, झालं गेलं सगळे विसरले.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर नवी पाटी! आमच्या ह्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली. अजून तिथेच आहे, मी काही उतरवू दिली नाही.

'येथे तोरणे मिळतील. रोख, तांदूळ, सुकट चालेल. व्ही. पी. फक्त पोस्टाची. मास्तर शिल्लक नाहीत.'