दारातलं ओव्हर

माझी वहिनी नर्स आहे, हे पाहुण्यांना वेगळं सांगावं लागत नाही. चहाचा कप हातात देताना ती म्हणते, "सगळा संपवायचा हं." पाहुणे निमूट संपवतात. फ्रिजमधल्या दुधावर उघडल्याची तारीख चिकटवलेली असते. लग्नानंतर एकदा सिनेमा बघताना तिने दादाचा हात हातात घेतला. दादा हरखला. थोड्या वेळाने ती कुजबुजली, "शिरा काय मस्त आहेत रे तुझ्या!"

गेल्या वर्षी मात्र ती घरी नुसती शरीराने यायला लागली. मायक्रोवेव्ह वाजला की वॉर्डातलं मशीन वाजल्यासारखी भरल्या ताटावरून उठून धावायची. विनोदाला हसायची, पण उशिरा. कॉम्प्युटर हँग झाला की पडद्यावर सगळं दिसतं पण बाण हलत नाही, तसं. दादा म्हणायचा, "सुट्टी घे गं." ती म्हणायची, "घेते ना." मग मेट्रनबाईंचा फोन यायचा, "माणसं कमी आहेत गं," आणि सुट्टी बारगळायची.

तिच्या नर्सिंगच्या मैत्रिणी देशोदेशी पांगल्यात. त्यांच्या ग्रुपवर एकीने विचारलं, "मीच विटलेय, की तुम्ही पण?" चहूकडून उत्तरांचा पाऊस. एक पार्किंगमध्ये रडून घेते आणि काजळ नीट करून आत जाते. दुसरीने लिहिलं, "इथे पगार बरा आहे, पाय तेच आहेत." वहिनी म्हणाली, "बघा, जगभर शाखा आहेत आमच्या!"

आम्ही हसलो. आई हसली नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली ती. समोरच्याचा आवाज तिला बरोबर कळतो.

"ड्यूटी संपताना काय करतेस गं तू?"

"ओव्हर देते. कुणाचं काय झालं, काय राहिलं, ते पुढच्या सिस्टरला पलंगापलंगाने सांगायचं. तिने 'घेतलं' म्हटलं की मी मोकळी."

"मोकळी कसली? सगळा वॉर्ड घरी घेऊन येतेस. उद्यापासून मला दे ओव्हर. दारातच, चपला काढायच्या आधी. नावं नको सांगू कुणाची."

दुसऱ्या दिवशी वहिनी दारातल्या स्टुलावर बसली, लाजत. "खिडकीजवळचे आजोबा. मुलगा आला नाही म्हणून जेवत नाहीत."

"घेतलं."

"कोपऱ्यातली मुलगी. उद्या ऑपरेशन आहे. घाबरलीय, पण दाखवत नाही."

"घेतलं. पुढे?"

"डॉक्टर ओरडले माझ्यावर. चूक त्यांची होती."

"घेतलं. त्याच्याकडे मी बघते."

वहिनी फिसकन हसली. हे हसू वेळेवर आलं.

ओव्हरचा नेम लागला. वहिनी गरम जेवायला लागली. पण थकवा काही दारात उतरत नव्हता. सुट्टी हवीच होती. शेवटी दादाने तिकिटं काढली. बॅग भरताना फोन वाजला. मेट्रनबाई! दादा टॉवेल हातात घेऊन तसाच उभा राहिला. वहिनीने फोन स्पीकरवर टाकला.

"अगं, दोघी आजारी पडल्यात. तेवढं उद्या..."

"बाई, आधी एक ओव्हर घ्या."

"आत्ता? बरं, सांग."

"स्त्री पेशंट. झोप नाही, भूक बेताची. मायक्रोवेव्हला दचकते. काल एका आजोबांवर विनाकारण खेकसली आणि चादरींच्या खोलीत जाऊन रडली. विश्रांती दिली नाही तर नोकरी सोडेल."

"कुठल्या पलंगावरची गं?"

"पलंगच मिळत नाहीये तिला, बाई. मीच ती."

पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत गेल्याचा आवाज आला. मग हळूच, "घेतलं. जा तू. मी करते काहीतरी." आणि पुढे, "हे कुणी शिकवलं तुला?"

"सासूबाईंनी."

"हं. संध्याकाळी घरी असतात का त्या?"

दादा-वहिनी गेले त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी बेल वाजली. दारात मेट्रनबाई. जिला सगळा वॉर्ड टरकतो ती बाई आमच्या छोट्याशा स्टुलावर अंग चोरून बसली आणि चपला काढायला वाकली.

"राहू द्या चपला," आई समोर पाट ओढत म्हणाली. "आधी बोला."

"स्त्री पेशंट," मेट्रनबाईंनी सुरुवात केली आणि चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या.

आईने मला आत जायची खूण केली. मी स्वयंपाकघरात गेलो आणि आधी मायक्रोवेव्ह बंद केला. न जाणो, ह्याही उठून धावायच्या.