त्या टायरला सोल्युशन कुणी लावलं

"स्टेजवर असलं काही बोललीस ना, तर माझ्या दुकानात पाय ठेवायचा नाही!"

"काका, मी बोलणारच. आज नाही तर कधी?"

"अगं, सत्कार तुझा आहे. हार घे, फोटो काढ, घरी जा!"

कोपर स्टेशनच्या पश्चिमेला चांगदेवकाकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आत एकच खुर्ची मावते, आणि ती योगिनीची. बारा वर्षं ती पगारी रेसर होती, रस्त्यावरच्या लांब शर्यतींची. निवृत्त झाली तरी डोंबिवलीतले रिक्षावाले तिला बघून हॉर्न वाजवतात, शाळेतल्या मुली "मॅडम, सेल्फी!" करत आडव्या येतात. आज संध्याकाळी सायकल क्लब तिचा सत्कार करणार होता.

शर्यतीच्या दिवशी काका पहाटे चारला शटर वर करायचे. रंभाकाकू तिच्या जर्सीच्या मागच्या खिशात शेंगदाण्याचे लाडू कोंबायच्या. "पायडल ही मारते, धाप मला लागते," म्हणायच्या.

एकोणीस वर्षांपूर्वी नाशिकच्या शर्यतीत, उतारावरच्या वळणावर तिचा टायर चाकावरून निसटला. खांद्याचं हाड मोडलं. रेसच्या चाकावर टायर सोल्युशनने चिकटवतात. काकांची पद्धत ठरलेली होती: दोन पातळ हात आणि रात्रभर सुकवायचं. सगळ्यांनी खापर त्यांच्यावर फोडलं. क्लबच्या सायकली ठाण्याच्या मेकॅनिककडे जायला लागल्या.

तो टायर योगिनीने स्वतःच लावला होता. नवा कोरा मिळालेला, धीर धरवला नाही. शर्यतीच्या तासभर आधी एकच जाड हात फिरवला. नंतर सांगायची हिंमत झाली नाही. काकांनी तीच सायकल पुन्हा उभी केली, आणि त्या सायकलवर ती आणखी सात वर्षं धावली.

आज दुपारी ती कबुली द्यायला आली, तर काका म्हणाले, "ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"सायकल माझ्याकडेच आलेली ना? चाकाला बोट लावलं, चिकट. माझं काम मला ओळखू येत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तेवीस वर्षांची होतीस. हाड मोडलेलं. वर लोकांचं बोलणंही ऐकलं असतंस तर परत सायकलवर बसली असतीस?"

नसती बसली. योगिनीला ते माहीत होतं.

रंभाकाकू चहा घेऊन आल्या. "ओ, तुम्ही मोठ्या मनाचे! नळावर टोमणे कुणी ऐकले? 'हिच्या नवऱ्याने पोरीला पाडली.' योगिनीचा पेपरातला एकेक फोटो मी कापून ठेवलाय, तरी सांगते. बोल गं, पोरी."

"रंभा, तू मध्ये पडू नकोस." काकांचा आवाज खाली आला. "पोरी, लोक तुला डोक्यावर घेतात. मला बघायला बरं वाटतं गं. ते घालवू नकोस. नाही ना बोलणार?"

योगिनीने चहा संपवला. काकूंनी पुढे केलेला लाडू सत्कारासाठी घातलेल्या जुन्या जर्सीच्या मागच्या खिशात टाकला, वाकून दोघांच्या पाया पडली, आणि सायकल घेऊन हॉलच्या दिशेने निघाली.

"अगं, काय विचारतोय मी?" काका दारातून ओरडले.

तिने मागे पाहिलं नाही.