वऱ्हाडाची खोली

आमच्या पालम गावात नुसतं ‘बाई’ म्हटलं की कावेरीबाई. बाकीच्या शिक्षिकांना मॅडम म्हणायची रीत पडली, पण या बाईच राहिल्या. माझं स्टेशनरीचं दुकान त्यांच्या घराला लागून आहे, शिवाय आठवीत मी त्यांच्या हाताखाली होते. त्यामुळे त्यांच्या घरात नाक खुपसायचा हक्क मी परस्पर स्वतःला देऊन टाकलाय.

बाई इतिहास शिकवायच्या. पुस्तकात निजामाला जेमतेम चार ओळी असत, बाई त्याला आठवडा देत. आपले आजे-पणजे ज्या राज्यात जगले ते राज्य गेलं कसं, हे पोरांना कळायला नको का, म्हणायच्या. खडू आडवा धरून त्या फळ्यावर अख्खं निजामाचं राज्य काढायच्या, आणि मग एकेक तह सांगत कुणाच्या तरी हातात ओलं फडकं द्यायच्या. निजामानं रक्षणासाठी इंग्रजांची तैनाती फौज ठेवली. तिच्या खर्चापोटी दक्षिणेचे जिल्हे दिले, पूस. खर्च वाढत गेला, मग वऱ्हाड दिलं, धाराशिव दिलं, रायचूर दिलं; पूस. यातलं काहीच लढाईत हरून गेलं नाही, हे त्या बजावून सांगत. प्रत्येक तहात गोडीगुलाबीची, मैत्रीचीच भाषा होती.

आमच्या वर्षी वऱ्हाड पुसायला उठला तो त्यांचा स्वतःचा मुलगा, मुकुल. माझ्याच वर्गात होता. पठ्ठ्यानं एवढ्या जोरात फडकं फिरवलं की वऱ्हाडाबरोबर खालची आपली परभणीही गेली. सगळा वर्ग खदखदून हसला आणि मुकुल रडकुंडीला आला. बाईंनी त्याच्या हातात खडू दिला आणि परभणी त्याच्याकडूनच परत काढून घेतली.

तो मुकुल आता पुण्यात नोकरीला आहे. वडील गेल्यापासून आईची सगळी काळजी एकट्यानं वाहतो. मी त्याला तोंडावर रेसिडेंट साहेब म्हणते आणि तो बिचारा हसून घेतो. पण निजामाच्या दरबारी बसून इंग्रजांच्या वतीनं त्याचा कारभार बघणाऱ्या साहेबाचं हे नाव मी उगीच ठेवलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बाई गंगाखेड रोडच्या वळणावर स्कूटीवरून पडल्या आणि मनगट मोडून बसल्या. मुकुल रातोरात आला, मला झोप लागत नाही गं म्हणाला, आणि बाईंनी मुकाट्यानं स्कूटीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. हा पहिला तह. मग एकदा दूध गॅसवर विसरलं, पातेलं जळून कोळसा झालं. मुकुलनं स्वयंपाकाला आणि सोबतीला घरात चोवीस तासांसाठी नागुबाईला आणून ठेवलं आणि बाईंना गॅसची बंदी झाली. नागुबाईचा पगार बाईंच्याच पेन्शनमधून जाई. त्या दिवशी बाई दुकानात येऊन पोट धरून हसल्या होत्या. आपल्याकडे तैनाती फौज आली म्हणाल्या, तीही रीतसर, खर्चासकट.

तिसऱ्या तहाच्या वेळी मात्र त्या हसल्या नाहीत. स्लॅबवर एक खोली आहे. बाईंच्या मिस्टरांनी ती त्यांना शिकवण्यांसाठी बांधून दिली होती, आणि एका भिंतीवर सिमेंटचा मोठा फळा करून घेतला होता. जिन्याला कठडा नाही. बाईंना एकदा चक्कर आली, तेव्हा मुकुलनं खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली नागुबाईकडे दिली. थोड्या दिवसांसाठीच, म्हणाला. तेव्हापासून बाई त्या खोलीला वऱ्हाड म्हणायला लागल्या. इतिहासातलं वऱ्हाडही असंच कागदावर निजामाचं राहिलं होतं आणि ताबा दुसऱ्याचा होता.

यंदा दिवाळीला मुकुल आला तो पुण्याची दोन तिकिटं घेऊनच. आता आईनं कायमचं तिकडेच यायचं, घर बंद करायचं. बाई हो म्हणाल्या. संध्याकाळी त्या माझ्या दुकानात स्टुलावर येऊन बसल्या, आणि मी भडकलेच. तोंड आहे ना, नाही म्हणा की, असं मी त्यांना सुनावलं.

“रागानं मागितलं असतं तर न्हाई म्हणले असते,” बाई म्हणाल्या. “लेकरू जीव तोडून मागायलंय. तिथं मला काई कमी पडायचं न्हाई, ऋतुजा. पण तिथं मी मुकुलची आई. इथं मी बाई हाय. तिथं मला बाई कोण म्हणंल?”

गिऱ्हाईक आलं तेव्हा बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी आवराआवरीला गेले. गाडी रात्रीची होती. मोठी सुटकेस वरच्या खोलीत होती, म्हणून मुकुलनं नागुबाईकडे किल्ली मागितली. तिनं किल्ली शोधायला नको तितका वेळ लावला. शेवटी कमरेच्या पिशवीतून काढून दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मुकुल वर गेला, मागोमाग मी.

महिनोन्‌महिने बंद असलेल्या खोलीत धूळ असायला हवी होती. फरशी लख्ख झाडलेली होती. फळ्यासमोर दोन खुर्च्या मांडलेल्या, आणि फळ्यावर निजामाचं सगळं राज्य, ताज्या खडूनं काढलेलं. खाली ओलं फडकं. मध्यभागी बाईंच्या वळणाचं नसलेलं, पहिलीतल्या पोरासारखं मोठ्ठं अक्षर: परभणी. नागुबाई कधी शाळेत गेलेली नाही. ती माझ्याकडून मधूनमधून खडू न्यायची, आणि मी समजत होते, रांगोळी आखायला नेत असेल.

मुकुलचा चेहरा लाल झाला. दारात जाऊन त्यानं नागुबाईला वरूनच विचारलं की किल्ली तुमच्याकडे कशासाठी दिली होती, आई पडली असती तर?

“दादा, आमी दोघी हात धरून चढतोत,” नागुबाई म्हणाली. “एक पायरी चढली की थांबतोत. बाई पडल्या तर म्या बी पडंन की संगं.”

मी खाली पाहिलं. बाई जिन्याशी उभ्या होत्या. एक पाय पहिल्या पायरीवर होता, पण मुकुल वर होता म्हणून त्या चढत नव्हत्या. सत्तरी ओलांडलेली बाई स्वतःच्या घरात परवानगीची वाट बघत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मुकुलनंही आईला तसं उभं पाहिलं.

“आई, तुझ्या नंबरावरून फोन आला की उचलायच्या आधीच मी इकडच्या गाडीची वेळ आठवायला लागतो,” तो म्हणाला.

“ठाऊक हाय मला. म्हणून तर एकेक देत आले.” बाई म्हणाल्या. “वऱ्हाड गेलं, त्याच्या सात वर्षांनी अजून एक तह झाला. काय झालं होतं त्याच्यात?”

मुकुल चाळिशीचा बाप्या, पण वर्गात उभं केल्यासारखा ताठ झाला. मग हळूच म्हणाला, “इंग्रजांनी धाराशिव आणि रायचूर परत दिलं.”

“म्हणजे परत देता येतं,” बाई म्हणाल्या.

तो खाली उतरला. आईचा एक हात त्यानं धरला, दुसरा नागुबाईनं, आणि बाई एकेक पायरी थांबत वर आल्या. खोलीत येऊन खुर्चीत टेकल्या, दम घेतला, आणि फडकं मुकुलच्या हातात देऊन, या खेपेला नुसतं वऱ्हाडच पूस म्हणाल्या.

मुकुलनं फडकं पुरतं फिरवलं नाही. एका बोटाला गुंडाळलं आणि कडेकडेनं, वाकून वऱ्हाड पुसत आणलं. नागुबाईनं लिहिलेल्या परभणीच्या वर आल्यावर तो थांबला. शिरोरेघेला, वेलांटीलासुद्धा धक्का लागला नव्हता. हे त्यानं दोनदा पाहून घेतलं.

मग त्यानं हात पुसले, आईचं तिकीट रद्द केलं, आणि स्टँडजवळच्या जीवन वेल्डरला फोन लावून विचारलं, जिन्याला कठडा बसवायचाय, माप घ्यायला आत्ता येता का.