विषय : मुलीने घरी येण्याबाबत

कुठलीही कविता शिकवायला घेतली की मल्लोजी सर आधी तिच्या डोक्यावर 'विषय' लिहायला लावत. आंब्यावरची कविता असली तर 'विषय : झाड न तोडण्याबाबत'. प्रेमाची असली तर 'विषय : भेटीस वेळ देण्याबाबत'. "कविता म्हंजे अर्जच की गं," ते म्हणत. "कोण मागतंय, कुणाकडं मागतंय, काय मागतंय. अष्टे, एवढंच! बाकी सगळं सुम्ने, उगाच."

कुवेंपुनगरातल्या त्यांच्या व्हरांड्यात आम्ही दहावीची आठ मुलं शिकवणीला बसायचो. रसग्रहण आणि औपचारिक पत्रं, दोन्ही कन्नडमधून. मराठी घरातली मी एकटीच, लष्कर मोहल्ल्यातल्या शिंप्याची मुलगी; त्यामुळे मला रागवायचं असलं की सर त्यांच्या घरच्या मराठीत शिरत. एकदा सुट्टीच्या अर्जात मी आजीचं दुखणं पानभर रंगवलं होतं. सरांनी ते एका रेघेत खोडलं. "आजीला तीनदा मारलीस. सुट्टी किती दिवस पाहिजे, ते लिहिलंस काय?"

अशा माणसाची मुलगी चार वर्षं घरी आली नव्हती. सुधाक्कानं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, सर लग्नाला गेले नाहीत, आणि ती बंगळूरला राहायला गेली. सरांचा फोनही ती उचलत नसे. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सर मात्र तिचं नाव काढत नसत.

एक दिवस त्यांनी फळ्यावर पत्र लिहिलं. "परीक्षेला न पाहिलेला उतारा येतो. एका बापाचं पत्र आहे. रसग्रहण करा." पत्रात होतं : घराला रंग दिला आहे. पेरूला फळं धरली आहेत. वरच्या खोलीतला पंखा दुरुस्त केला आहे. कळावे.

माझी जीभ तेव्हा फार वळवळायची. मी उठून म्हणाले, "सर, ह्याला काय पाहिजे तेच कळत नाही. चूक कुणाची तेही नाही. दहात तीन." मुलं खिदळली. सर खडू धरून उभेच राहिले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मला तोंड कुठं लपवू असं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कार्ड माझ्यापुढं धरलं. "बघ गं. आता?" त्यावर एवढंच होतं : 'सुधा, माझं चुकलं. घरी ये.'

"बरोबर आहे, सर," मी म्हणाले. कार्ड ते स्वतः पोस्टात टाकून आले. मग पंधरा दिवस फाटकाची कडी वाजली की शिकवणं थांबायचं.

श्रुतलेखनात सर फार कडक. "माझ्या तोंडातून येईल ते लिहायचं. मधे प्रश्न बेड, नको." एका संध्याकाळी ते वाचनालयाला द्यायचा अर्ज सांगत होते, आणि फाटकात सुधाक्का येऊन उभी राहिली. सर सांगायचे थांबले नाहीत. फक्त मधेमधे मराठीत शिरले.

माझ्या शेजारी बसलेल्या लक्ष्मीला मराठीचा म येत नव्हता. तिनं सगळं कन्नड अक्षरांत इमानेइतबारे उतरवलं. ती वही तिच्याकडे अजून आहे. त्यातल्या कन्नडचं मराठी करून इथं देते :

'महोदय, आमच्या भागातील वाचनालय रविवारीही उघडे ठेवावे ही विनंती. किती वाळलीस गं. जेवलीस काय? चप्पल राहू दे, आत ये. विद्यार्थ्यांची फार सोय होईल. रडू नको, मी रडतोय काय? तरी'

'तरी'च्या पुढे कुणाच्याच वहीत काही नाही. सर आत ताट वाढायला गेले होते.